जुन्या विज्ञानग्रंथांतली चित्रं उतरवताना : गावच्या वाचनालयातल्या कामाच्या नोंदी

काम असं : वर्धा नदीच्या काठच्या एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. मागच्या खोलीत दोन सागवानी कपाटं, त्यांत दाखल नोंदवहीप्रमाणे साधारण १८६० ते १९३५ या काळातली १४३ विज्ञानपुस्तकं. पदार्थविज्ञान, रसायन, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, काही मराठी, काही इंग्रजी. इंग्रजी अमलात नदीच्या एका बाजूला वऱ्हाड होता, दुसऱ्या बाजूला मध्यप्रांत, म्हणून दोन्हीकडच्या बंद पडलेल्या शाळांचे शिक्के या पुस्तकांवर आहेत. मजकूर उतरवायचा नाही, फक्त चित्रांचे फोटो काढून ते संगणकावर जपायचे : सुमारे २,६०० पानांवर ३,८०० आकृत्या. ज्यांना आपल्या गावच्या वाचनालयात हेच काम करायचं आहे त्यांच्यासाठी या नोंदी.

२ फेब्रुवारी : कपाटं उघडणं

फळ्यांवर आणि पुस्तकांच्या डोक्यावर पांढरी पावडर होती. जुन्या वाचनालयांत वाळवी आणि कसर मारायला गॅमेक्झिन किंवा डीडीटी अशी विषारी पावडर सर्रास भुरभुरलेली असायची. ती धूळ समजून झटकू नका. एन-९५ मास्क, नायट्राइलचे हातमोजे, आणि काम ओसरीवर, वारा आपल्या पाठीकडून वाहील असं बसून. दोन इंची मऊ ब्रश घ्यायचा. पुस्तक घट्ट मिटलेलं धरून बांधणीकडून मोकळ्या कडेकडे झाडायचं. पुस्तक उघडं धरून झाडलं तर पावडर शिलाईत उतरते आणि मग निघत नाही.

हिरव्या कापडी बांधणीची विलायती पुस्तकं वेगळी काढली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चकचकीत हिरव्या रंगात तांबं आणि आर्सेनिक असायचं. तोच रंग हातानं रंगवलेल्या वनस्पतींच्या पानांतही सापडतो. अशा पुस्तकाला मोज्यांशिवाय हात नाही आणि पान उलटताना बोटाला थुंकी तर अजिबात नाही. जुन्या बांधणीच्या खळीत मोरचूद घालायची रीत होती, ती आठवली की हातमोज्यांचा कंटाळा येत नाही.

कपाटं भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढली. डांबरगोळ्या काढून टाकल्या, बंद खोलीत त्यांच्या वासानं तासाभरात डोकं धरतं.

९ फेब्रुवारी : आधी छपाई ओळखा

या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. आम्हाला आधी वाटलं होतं, पुस्तकागणिक एक सेटिंग ठरवू आणि सगळी पानं घेऊ. ते चालत नाही. एकाच पुस्तकात लाकडी ठशाच्या आकृत्या, शिळाछापाचं घडीचं चित्र आणि मागाहून चिकटवलेला हाफटोन फोटो असे तीन प्रकार सापडतात आणि तिघांना तीन वेगळ्या पद्धती लागतात. चित्र कशानं छापलंय त्यावर उजेड, रिझोल्यूशन (इंचाला किती बिंदू) आणि पुढची साफसफाई सगळं ठरतं. म्हणून कॅमेरा काढायच्या आधी प्रत्येक चित्र भिंगाखाली घातलं. सोनार वापरतात ते १० पट भिंग पुरतं.

लाकडी ठसा. बॉक्सवुड या कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर कोरणीनं कोरलेला. इंग्लंडात थॉमस बेविकनं अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत रुळवली. हा ठसा खिळ्यांच्याच (छापखान्यातल्या धातूच्या अक्षरांच्या) उंचीचा असल्यामुळे मजकुराबरोबर एकाच फर्म्यात छापता येतो. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तो शतकभर टिकला त्याचं कारण हेच. ओळख : रेषा कागदात दबलेल्या, पानाच्या मागच्या बाजूला बोट फिरवलं की हलका उठाव लागतो. रेषेच्या कडेला शाईची गडद किनार. काळ्या भागात पांढऱ्या रेषा कोरलेल्या दिसतात.

तांब्याचा किंवा पोलादाचा पत्रा. इथे शाई खोदलेल्या चरीतून उचललेली असते, म्हणून रेषा कागदावर किंचित उठलेली. टोकाला निमुळती होत जाते. चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब चौकटीसारखा दिसतो, तो पाहायला टॉर्च पानाला जवळजवळ समांतर धरायचा. असं चित्र मजकुराबरोबर एकाच दाबात छापता येत नाही, म्हणून ते बहुधा स्वतंत्र पानावर असतं.

शिळाछाप. आलोइस झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या शेवटी काढलेली, दगडावरून छापायची पद्धत. कागद दोन्हीकडून सपाट, दाब नाही, उठाव नाही. छटा खडूनं घासल्यासारखी रवाळ. रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, त्यामुळे कुठेतरी रंग रेषेबाहेर सरकलेला सापडतोच.

हाफटोन. फोटो ठिपक्यांत फोडून छापायची पद्धत, १८८० नंतरची. भिंगाखाली सरळ रांगांतले लहानमोठे ठिपके. भारतात या तंत्राचा मुळापासून अभ्यास केला तो कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधरींनी. आमच्याकडचे हाफटोन बहुतेक चकचकीत आर्ट पेपरवर आहेत.

हातानं रंगवलेली चित्रं वरच्यांपैकी कुठल्याही छपाईवर असू शकतात. रंग रेषा ओलांडून गेलेला असतो आणि एकाच पुस्तकाच्या दोन प्रतींत सारखा नसतो.

प्रत्येक चित्राला दाखल क्रमांक, पान आणि छपाईची खूण (ला, तां, शि, हा, आणि रंगवलेलं असेल तर जोडीला ‘रं’) वहीत लिहिली. १४३ पुस्तकांपैकी जवळपास शंभरांत लाकडी ठसाच मुख्य निघाला.

२१ फेब्रुवारी : पाळणा

सपाट टेबलावर पुस्तक पूर्ण उघडून काचेनं दाबणं इथे शक्य नाही. १८७० नंतरचा लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, बांधणीजवळ तुकडा पडतो. त्याआधीचा चिंध्यांचा कागद अजून लवचिक आहे, पण त्याची जुजबंदीची शिलाई सैल झाली आहे. दोघांनाही १०० ते ११० अंशांपेक्षा जास्त उघडायचं नाही.

१२ मिमी प्लायवूडच्या ३० × ४२ सेंमीच्या दोन फळ्या. एक आडवी, दुसरी तिच्याशी ११० अंशांत उभी. पुस्तकाचा एक भाग आडव्या फळीवर सपाट झोपतो, दुसरा उभ्या फळीला टेकतो. कॅमेरा सरळ खाली पाहतो. आधी सगळी उजवीकडची पानं, मग पुस्तक फिरवून डावीकडची.

पहिला पाळणा बाद झाला. दोन्ही फळ्या बिजागरीनं थेट जोडल्या होत्या आणि पाच सेंमी जाड पुस्तकाच्या कण्याला जागाच उरली नाही. कणा वर उचलला गेला आणि बांधणीवर ताण आला. दुरुस्ती : बिजागरी काढली, आडव्या फळीला खालून दोन खाचा पाडून विंग नटवर सरकती केली. आता मधली फट १ ते ६ सेंमी होते. पुस्तक टेकतं त्या जागी ५ मिमी फोम. तो चिकटवायला रबरी गोंद वापरू नका, उन्हाळ्यात पाघळतो आणि कापडी बांधणीला लागतो. आम्ही तो काढून फोम सुती कापडात शिवला.

खर्च : प्लायवूड १,१००, नट-स्क्रू २५०, फोम आणि कापड २००, सुताराची मजुरी ९००. एकूण २,४५० रुपये.

१ मार्च : दिवे

बाजारातले साधे एलईडी बल्ब लावून सुरुवात केली आणि तीनशे फोटो वाया गेले. प्रत्येकावर आडवे फिकट-गडद पट्टे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि १/१६० सेकंदाचं शटर त्या लुकलुकण्याचा तुकडा पकडतो. शटर १/५० किंवा १/२५ ठेवलं की पट्टे जातात. पण दुसरा दोष राहिला : या बल्बांखाली तांबडा रंग मरतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकातल्या रंगवलेल्या धमन्या विटकरी दिसू लागल्या. बल्बांचे १,२०० रुपये गेले.

रंग नीट दाखवणारे (सीआरआय ९५च्या वरचे) दोन एलईडी पॅनेल घेतले, ३,६०० रुपये. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, पानापासून ७० सेंमीवर. खिडकी जाड पडद्यानं बंद, कारण बाहेरचा उजेड दर तासाला बदलतो. व्होल्टेज इतकं हलायचं की पॅनेल मंद-तेज व्हायचे. ते इन्व्हर्टरवर टाकले तेव्हा थांबलं, आणि भारनियमनातही काम चालू राहिलं.

तांब्यावरच्या चित्रांसाठी आणखी एक फोटो वेगळा घ्यावा : एकच दिवा, १५ अंशांत, बाजूनं. पत्र्याचा दाब आणि उठलेली शाई त्यातच दिसते.

१० मार्च : काच

आडव्या फळीवरचं पान सपाट राहावं म्हणून त्यावर काच ठेवून पाहिली. ४ मिमीची साधी खिडकीची काच (३८० रुपये) दोन कारणांनी नापास. तिची हिरवट छटा कागदाच्या पिवळेपणात मिसळते आणि करड्या कार्डानंही (फोटोतले रंग जुळवायचं कार्ड) पूर्ण सुधारत नाही. शिवाय वजन. ३ मिमी ऍक्रिलिक घेतलं, ६५० रुपये. छटा नाही, हलकं आहे. त्याचा दोष स्थिर विजेचा : कोरड्या हवेत धूळ ओढतं आणि सुटत आलेला रंगही ओढू शकतं. म्हणून हातानं रंगवलेल्या पानावर ऍक्रिलिक ठेवायचंच नाही, कडांवर पुठ्ठ्याच्या पट्ट्या पुरतात. पुसायला ओलसर सुती फडकं, कोरडं नाही.

ऍक्रिलिकमध्ये कॅमेऱ्याचं प्रतिबिंब पडतं. काळ्या कापडाला लेन्सएवढं भोक पाडून ते कॅमेऱ्याखाली ताणलं, प्रतिबिंब गेलं.

१८ मार्च : ठरलेली सेटिंग

कॅमेरा : वापरलेला २४ मेगापिक्सेल, ५० मिमी लेन्ससह २२,००० रुपये. एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), शटर १/२५, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली), दोन सेकंदांचा टायमर. एफ/८ला पानाच्या उंचीतला सुमारे ४ सेंमी फरक सांभाळला जातो, बांधणीकडे वळलेलं पानही स्पष्ट येतं. एफ/१६वर आणखी स्पष्ट येईल असं वाटतं, पण तिथे बारीक रेषा उलट मऊ पडतात.

चौकटीची लांब बाजू २६ सेंमी ठेवली की इंचाला सुमारे ५८५ बिंदू मिळतात. सेन्सर ते पान अंतर ६५ सेंमी. लाकडी ठशांना इतकं लागतंच. याची खात्री ‘ग्रेज ऍनाटॉमी’च्या प्रतीवर झाली. त्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १८५८ची, चित्रं हेन्री वँडाइक कार्टरची. तेच कार्टर पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला आले. त्यांच्या आकृत्यांत नावं बाजूला बाण काढून दिलेली नाहीत, ती थेट स्नायूवर, नसेवर बसवलेली आहेत. इंचाला ३०० बिंदूंवर ती नावं वाचता येत नाहीत आणि मग ते चित्र विद्यार्थ्याच्या काहीच कामाचं नाही.

प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला करडं कार्ड आणि मोजपट्टी यांचा एक फोटो. मोजपट्टी विसरली की आकृतीचा मूळ आकार कायमचा हरवतो. साध्या पानाला ४० सेकंद लागतात, स्वतंत्र चित्रपानाला चार मिनिटं.

३० मार्च : पानामागचा कागद

पातळ कागदातून मागचा मजकूर दिसतो, म्हणून पानाखाली काळा कागद घालायचा हा नेहमीचा उपाय. तो बरोबर आहे, पण किड्यांनी पोखरलेल्या पानावर त्यानं घोळ झाला. छिद्रातून काळा कागद दिसतो आणि फोटोत तो शाईचा ठिपका वाटतो. खगोलाच्या पुस्तकातल्या नक्षत्रांच्या आकृतीत असे सात जादा ‘तारे’ तयार झाले होते. (त्या आकृतीत तारे काळ्या ठिपक्यांनी दाखवले आहेत.) पोखरलेल्या पानांखाली आता कागदाच्याच रंगाचा बदामी पुठ्ठा, आणि मागचा मजकूर थोडा दिसला तर दिसू द्यायचा.

याचा उलटा प्रकारही लक्षात ठेवा. कधी कधी भोक कागदाला नसतं, लाकडी ठशाला असतं. ठसा किड्यानं खाल्ला की छपाईत पांढरा गोल ठिपका येतो आणि कागद मात्र अखंड असतो. तो दोष नाही, ठशाच्या वयाचा पुरावा आहे. त्यावर ब्रश फिरवू नये.

१२ एप्रिल : रेषा तुटणं

स्कॅनटेलर या मोफत प्रोग्रॅममध्ये पानं सरळ करणं, कातरणं उत्तम होतं. पण त्याचं काळं-पांढरं आउटपुट लाकडी ठशांसाठी वापरू नये. मजकूर छान येतो, चित्र बिघडतं : आकाशातल्या, पाण्यातल्या, काचपात्रावरच्या केसासारख्या रेषा तुटतात आणि गडद भागातल्या पांढऱ्या रेषा बुजतात. मिश्र आउटपुट चित्राची जागा स्वतः ओळखतं, पण खोदकामाच्या रेषांना ते बऱ्याचदा मजकूर समजतं. दोनशे पानं पुन्हा करावी लागली. आता सगळी चित्रपानं करड्या किंवा रंगीत आउटपुटमध्ये, आणि गडद-फिकट हातानं.

जेपीईजीही नको. दाट रेषांच्या कडेला त्याची धूसर झालर येते. मूळ प्रत टिफ, वाचकाची प्रत पीएनजी, या दोन प्रकारच्या फाइलींत तपशील गळत नाही.

तांबूस डाग काढायचे नाहीत असं ठरवलं. डाग हटवणारा ब्रश वनस्पतीच्या चित्रातला पानावरचा खरा ठिपकाही पुसून टाकतो आणि मग रोगट पान निरोगी दिसतं. विज्ञानाच्या चित्रात हे खपवून घेता येत नाही. तसंच मोठ्या लाकडी चित्रांतून जाणाऱ्या बारीक सरळ पांढऱ्या रेषा. बॉक्सवुडचं खोड बारीक, म्हणून मोठं चित्र लहान ठोकळे बोल्टनं जोडून कोरायचे. ती रेषा म्हणजे ठोकळ्यांचा सांधा आहे. ती भरली तर चित्र कसं घडलं ते झाकलं जातं.

४ मे : ऊन आणि कूलर

खोलीत दुपारी ४३ अंश, आर्द्रता १६ टक्के. अशा हवेत ठिसूळ कागद पापडासारखा मोडतो. म्हणून कूलर लावला, तर नवी अडचण : तासाभरात आर्द्रता ५८ टक्क्यांवर, पानं लाटेसारखी फुगली, वाऱ्यानं फडफडली, आणि टेबलाच्या थरथरण्यानं १/२५च्या शटरला प्रत्येक फोटो हलला. कूलर बंद केला की कागद पुन्हा वाळतो. दिवसातून दोनदा असा फुगून वाळणारा कागद शिलाईवर ओढ देतो, कोरड्या हवेपेक्षा हे वाईट.

उपाय साधा निघाला. काम सकाळी साडेसहा ते साडेदहा, कूलर न लावता. तेव्हा आर्द्रता ३० च्या आसपास असते. मे महिन्यात फक्त मजबूत कागदाची पुस्तकं घ्यायची. घडीची चित्रं मृग लागेपर्यंत उघडायची नाहीत. लॅपटॉपवरचं काम दुपारी दुसऱ्या खोलीत, तिथे कूलर चालू द्या.

२२ मे : हाफटोनची जाळी

हाफटोन फोटो लहान करून पाहिला की त्यावर चौकटीचौकटींची नक्षी उमटते. छपाईच्या ठिपक्यांची जाळी आणि पडद्याच्या बिंदूंची जाळी एकमेकींवर किंचित चुकून बसतात, त्यातून ती तिसरी जाळी दिसते. आर्ट पेपरवरच्या हाफटोनला इंचाला १३३ ते १५० रांगा असतात. इंचाला ३०० बिंदूंवर काढलेल्या फोटोत ही नक्षी फाइलमध्येच घुसते आणि नंतर काही केल्या निघत नाही. ते फोटो पुन्हा काढण्याला पर्याय नाही.

चाललं ते असं : मूळ फोटो ५८५ बिंदूंवर, ठिपके सुटे दिसतील इतका स्पष्ट. ही फाइल तशीच जपायची. वाचकाच्या प्रतीसाठी आधी २ ते २.५ पिक्सेलचा गॉसियन ब्लर (चित्र धूसर करणं), ठिपके एकमेकांत मिसळेपर्यंत. मग एक तृतीयांश आकार, आणि शेवटी हलकं धारदार करणं. क्रम बदलला, आधी लहान करून मग ब्लर दिला, तर नक्षी राहते. धारदार आधी केलं तर आणखी ठळक होते.

आणि हे फक्त हाफटोनला. हाच ब्लर लाकडी ठशाला लावला की रेषांचा चिखल होतो. सगळ्या फाइली एका झटक्यात एकाच प्रक्रियेतून काढायचा मोह होतो. वहीतली ‘ला, तां, शि, हा’ची खूण तिथे उपयोगी पडते : चार फोल्डर, चार प्रक्रिया.

१५ जून : पहिला पाऊस, एक खंड गेला

कौलातून पाणी कपाटाच्या डोक्यावर उतरलं. लाकडी ठशांची दोन पुस्तकं भिजली, ती वाचली. दर दहा पानांत टिपकागद घालून, पंख्याच्या वाऱ्यात उभी ठेवून, टिपकागद दर दोन तासांनी बदलत वाळवली. पानं थोडी वाकडी राहिली, चित्रं शाबूत.

आर्ट पेपरवरच्या हाफटोनचा एक खंड मात्र गेला. या कागदावर चिकणमातीचा लेप असतो. ओला झाला की लेप सैल होतो आणि वाळताना शेजारच्या पानाला धरून बसतो. रात्री भिजलेला खंड सकाळी हाती आला तेव्हा मधली पानं विटेसारखी एक झाली होती. ओढली तर चित्राचा लेपच उचलून येतो. वाफेनं, पुन्हा भिजवून, पातळ पट्टीनं, काहीच जमत नाही. असा खंड भिजलेला दिसला तर तो ओला असतानाच, वाळू न देता, एकेक पान सुटं करून मध्ये बटर पेपर घालायचा. इतर सगळी कामं त्यानंतर.

यावरून कपाटाची मांडणी बदलली. आर्ट पेपरची पुस्तकं मधल्या फळीवर, चिंध्यांच्या कागदाची वरच्या. वरून जाड प्लास्टिक, पण पुढून मोकळं, नाहीतर आत बुरशी धरते. आणि ज्यांचे फोटो राहिले आहेत त्यांत हाफटोनची पुस्तकं आधी घ्यायची.

१० जुलै : घडीची चित्रं

रॉबर्ट हूकच्या १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’तल्या पिसवेचं चित्र घडी उलगडून पाहावं लागायचं, निदान तेव्हापासून तरी विज्ञानग्रंथांत मोठी चित्रं घडी घालून बांधायची रीत आहे. आमच्याकडे अशी ४१ निघाली : वाफेच्या इंजिनांचे छेद, तारांगणं, भूस्तरांचे नकाशे. घडी दरवेळी त्याच रेषेवर मोडल्यामुळे बऱ्याच ठिकाणी कागद तिथेच फाटलेला आहे.

आता हवेत ६० टक्के आर्द्रता आहे आणि कागद मऊ आहे. चित्र अर्धं उलगडून रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी पूर्ण उलगडून वर टिपकागद आणि पुठ्ठा. इस्त्री नाही, पाणी शिंपडणं नाही. शिळाछाप आहे म्हणजे रंगाला पाणी सोसतं असं समजू नका, हातानं भरलेला रंग लगेच पसरतो. जुन्या चिकटपट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, त्या ओढायच्या नाहीत, तशाच फोटोत येऊ द्यायच्या.

४० सेंमीचं चित्र एका फोटोत घेतलं तर इंचाला ३८० बिंदूच मिळतात. तुकड्यांत घेऊन ह्यूजिन या फोटो जोडायच्या प्रोग्रॅममध्ये जोडलं. कॅमेरा हलवायचा नाही, चित्राखालची फळी सरकवायची, दोन तुकड्यांत ३० टक्के भाग सामाईक ठेवायचा. पहिल्या जोडकामात सांध्यावर गडद पट्टा आला, कारण फोटोच्या कोपऱ्यांत उजेड मध्यापेक्षा कमी पडतो. त्याच दिव्यांत कोऱ्या पांढऱ्या कागदाचा एक फोटो घेऊन प्रत्येक तुकड्याचा उजेड त्यावरून सारखा केला, पट्टा गेला. एका चित्राला सरासरी २० मिनिटं.

६ ऑगस्ट : नावं आणि माहिती

फाइलचं नाव : दाखल क्रमांक, पान, आकृती, छपाईची खूण. बाकी सगळं तक्त्यात. आकृतीखालचा मजकूर जसाच्या तसा, ‘आकृति’ ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्वच. शेजारच्या रकान्यात आजचं लेखन, शोधणाऱ्याला सापडावं म्हणून. टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमनं मराठी मजकूर वाचून पाहिला. नव्या छपाईवर बरा चालतो, जुन्या खिळ्यांच्या जोडाक्षरांवर इतका चुकतो की दुरुस्त करण्यापेक्षा टंकणं लवकर होतं.

बऱ्याच मराठी पुस्तकांत आकृतीत रोमन ए, बी, सी आहेत आणि मजकुरात अ, ब, क. ठसा विलायतेहून आलेला आणि मजकूर इथे लिहिलेला. तक्त्यात दोन्ही जोड्या द्या, नाहीतर शिक्षकाला वर्गात आकृती समजावता येत नाही.

हक्कांचं : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. १९१०चं पुस्तक आहे म्हणजे मोकळं असं नाही, लेखक १९७० पर्यंत जगला असेल तर नाही. प्रत्येक नाव तपासलं, नऊ पुस्तकं बाजूला ठेवली. त्यांचे फोटो काढले आहेत, खुले करायचे नाहीत.

२५ ऑगस्ट : एकच ठसा, दोन पुस्तकं

मागडेबुर्गच्या अर्धगोलांची आकृती. ओटो फॉन ग्यूरिकेनं १६५७ मध्ये तांब्याच्या दोन अर्धगोलांतली हवा काढली आणि दोन्हीकडून आठ-आठ घोडे लावूनही ते सुटले नाहीत. त्याच्या १६७२च्या ग्रंथात हे चित्र तांब्यावर कोरलेलं आहे. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत ते लाकडावर पुन्हा पुन्हा कोरलं गेलं.

आमच्या कपाटात ते एका इंग्रजी आणि एका मराठी पुस्तकात आहे. दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तर रेषेला रेष जुळली. नक्कल केली असती तर घोड्यांच्या पायांखालचं गवत इतकं जुळलं नसतं. त्या काळी लाकडी ठशावरून धातूचे ओतीव ठसे काढून ते दुसऱ्या प्रकाशकांना विकत. मराठी प्रतीत डाव्या कोपऱ्यात एक बारीक तडा आहे, इंग्रजी प्रतीत नाही. म्हणजे मराठी छपाई तडा गेल्यानंतरची. मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ फाटलेलं आहे, त्यावर वर्ष नाही, आणि आता निदान ते इंग्रजी प्रतीच्या १८७९ नंतरचं असावं असा अंदाज बांधता येतो. ओतीव ठसा वेगळा असेल आणि तडा त्यालाच गेला असेल ही शक्यता उरते, म्हणून तक्त्यात ‘अंदाजे’ लिहिलं.

असं जुळवायला दोन्ही फोटो एकाच मापात हवेत. मोजपट्टीचा फोटो इथे कामी आला. एप्रिलमध्ये पांढरे सांधे आणि ठिपके भरून ‘स्वच्छ’ केले असते तर हा तडाही गेला असता.

१२ सप्टेंबर : साठवण आणि हिशेब

एका पानाची टिफ ७२ एमबी, रॉ सुमारे २८ एमबी, सगळं मिळून २६० जीबीच्या आसपास. १ टीबीच्या दोन डिस्क, एक वाचनालयात, दुसरी गावातच पण दुसऱ्या घरात. प्रत्येक फाइलची एसएचए-२५६ बेरीज (फाइलमध्ये जराही फरक पडला की बदलणारा आकडा) यादीत. नक्कल करताना वीज गेली तेव्हा अकरा फाइली अर्धवट उतरल्या होत्या. आकार बरोबर दिसत होता, बेरीज जुळली नाही म्हणून कळलं.

वाचकांच्या पीएनजी प्रती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर चढवतो आहोत. मोबाइल डेटावर एक मोठी झिप मध्येच तुटते आणि पहिल्यापासून सुरू करावी लागते. पुस्तकागणिक वेगळी नोंद आणि रात्री अकरानंतर चढवणं, हे जमतं.

खर्च : कॅमेरा २२,०००, दिवे ३,६००, पाळणा २,४५०, ऍक्रिलिक ६५०, डिस्क १०,४००, भिंग-आर्द्रतामापक-करडं कार्ड १,१५०, टिपकागद-बटर पेपर-मोजे-मास्क ७४०. बेरीज ४०,९९०. वाया गेलेले बल्ब आणि काच १,५८०. एकूण ४२,५७० रुपये. कॅमेरा कुणाकडून वापरायला मिळाला तर निम्म्यात भागतं.

राहिलेलं : तांब्यावरच्या चित्रांचे बाजूच्या उजेडातले फोटो अठरा पुस्तकांचे बाकी आहेत. ते पोळ्यानंतर हवा कोरडी होऊ लागली की, पण ऑक्टोबर संपायच्या आत घ्यायचे. थंडीत ऍक्रिलिकची स्थिर वीज वाढते आणि ते धूळ जास्त ओढतं.